दुसऱ्यांदा दाबलेला जोड

गाडीचा हॉर्न वाजेनासा झाला की लोक हॉर्नला शिव्या देतात. दिवा लागला नाही की बल्ब बदलतात. बल्ब बदलूनही उजेड पडत नाही, तेव्हा कोणीतरी जाणता मेकॅनिक बॉनेटमध्ये हात घालतो, तारांचं जुडगं चाचपतो, एक टोक किंचित हलवतो आणि दिवा लागतो. तार जिथे संपते आणि धातूच्या छोट्या टोपीत शिरते, तिथे दोष असतो. त्या टोपीला आमच्या धंद्यात लग म्हणतात. तार लगमध्ये घालून प्रेसखाली दाबायची, याला क्रिम्पिंग. एवढ्याशा या जोडावर माझं घर चाललं, पूनम सागर सोसायटीतली वन रूम किचन झाली, दोन मुली शिकल्या.

वसाहतीच्या या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर मी आधी गमतीजमतीच लिहून काढल्या होत्या. त्या पुष्कळ आहेत. एका मिक्सरवाल्याने वायर दोन इंच आखूड करून मागितली होती. कारण काय, तर बायका मिक्सर ओट्याच्या टोकाला नेतात आणि तो पडतो. वायर आखूड असली तर नेणारच नाहीत! एका रिक्षाच्या हॉर्नवाल्याला सगळ्या तारा हिरव्या हव्या होत्या, कुठल्या तरी बाबाने सांगितलं म्हणून. त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. ती पानं लिहून झाली, वाचली आणि बाजूला ठेवली. जे लिहायचं ते टाळण्यासाठी मी ती लिहिली होती.

आमचा गाळा भाईंदर पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली स्टीलची भांडी पॉलिश व्हायची, त्या आवाजात आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. गाडीच्या अंगात या टोकापासून त्या टोकापर्यंत जे तारांचं जाळं असतं त्याला हार्नेस म्हणतात, ते आम्ही बनवायचो. कामाला पंचवीस-तीस बायका. मालक महेंद्रशेठ, मारवाडी माणूस, सकाळी देवळातून थेट गाळ्यात. मी क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे माल बाहेर जाण्याआधी शेवटची सही माझी.

खडूस म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची. एकदा भरलेला टेम्पो मी खाली उतरून थांबवला होता. एका जुडग्यात पिवळ्याच्या जागी पांढरी तार गेलेली मला दुपारी चहा पिताना आठवली. शेठ डोक्याला हात लावून बसले, टेम्पोवाला शिव्या देत बसला आणि मी सगळे खोके उघडून ते एक जुडगं शोधून काढलं. पुढे कित्येक वर्षं शेठ नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगायचे आणि मी शेजारी नम्र चेहरा करून उभा राहायचो.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. शेठ एक दिवस एक मोठा नकाशा घेऊन आले. विजेवर चालणारी मोटारगाडी! दोन माणसं पुढे, मागे जेमतेम दोन पोरं, आणि सीटखाली बॅटऱ्याच बॅटऱ्या. कंपनी इंदूरच्या बाजूची. तिचं नाव लिहीत नाही, ती आता नाहीच. रस्त्यावर ही गाडी दिसली की लोक हसायचे, खेळण्यातली म्हणायचे. पण शेठना त्यात आपलं भविष्य दिसत होतं.

"शिगवण, पेट्रोल कितना दिन चलेगा?" ते मला म्हणाले. "कल सबको यही गाडी लेनी पडेगी. आणि या गाडीत आहे काय? बॅटरी, मोटर आणि तार. तार म्हणजे आपण."

शेजारच्या गाळ्यातले जयंतीभाई सायलेन्सरच्या क्लॅम्पा आणि गास्केटं बनवायचे. नकाशा आल्याचं कळल्यावर ते चष्मा पुशीत आले आणि टेबलावर ओणवे झाले.

"शिगवणभाई, इसमें सायलेन्सर किधर है?"

"नाही जयंतीभाई. धूरच नाही तर सायलेन्सर कशाला?"

"रेडिएटर?"

"नाही."

"फॅनबेल्ट? कार्बोरेटर? कुछ तो होगा."

मी मान हलवत राहिलो. जयंतीभाई स्टुलावर बसले. "मतलब ये गाडी चल गयी तो हम लोग अगरबत्ती का स्टँड बनाएगा," ते म्हणाले आणि आम्ही हसलो. पण त्यानंतर महिनाभर ते रोज विचारायचे, कितना गाडी बिका? विक्री कमी झाल्याचं ऐकलं की त्यांचा चेहरा खुलायचा आणि आमचा पडायचा. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे एकाच गाडीसाठी दोन उलटे नवस चालले होते म्हणा ना.

आम्हाला आधी फक्त बॅटरीच्या जाड केबलींचं काम मिळालं. हे काम दिसायला सोपं, पण जोखमीचं. पेट्रोल गाडीत जोड ढिला राहिला तर दिवा मिणमिणतो आणि काम भागतं. इथे गाडी ओढायची सगळी वीज त्या जोडांतून जाते. जोड ढिला असेल तर तो शेगडीच्या कॉइलसारखा तापतो. कंपनीचे इंजिनियर दुबेसाहेब पहिल्याच भेटीत मला म्हणाले होते, "शिगवणजी, हमारी गाडी पर लोग भरोसा नहीं करते. एक भी गाडी में धुआँ निकला, तो समझिए दुकान बंद." दुबे तिशीतला, सडपातळ, बोलताना पेनाचं टोपण काढ-घाल करणारा माणूस. त्याला त्या गाडीचं वेड होतं. स्वतः ती चालवायचा, आणि तिच्याबद्दल एखाद्या अशक्त मुलाबद्दल बोलावं तसं बोलायचा.

त्या जाड केबलींच्या प्रेसवर मी मथुराला बसवलं. मथुरा समुद्राकाठच्या तारोडी गावची, कोळ्याची सून. वय असेल तीस-बत्तीस. दोन बस बदलून यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असायची. माहेरी आणि सासरी जाळी विणण्यात हात तयार झालेला. कुठली गाठ सुटणार आणि कुठली धरणार हे तिला बोटांनी कळायचं. मी मायक्रोमीटर लावून जे सांगायचो ते ती आधीच सांगून मोकळी व्हायची. आमच्याकडे खराब मालासाठी लाल पेटी आणि चांगल्यासाठी हिरवी. तिची लाल पेटी बहुतेक रिकामीच असायची. दोन वर्षांत तिच्या मालाची तक्रार आली नव्हती. प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी बांधायची, तिच्यावर ऑपरेटरचा नंबर. तिचा नंबर सात.

मग ती बातमी आली. कंपनी बाहेरून भांडवल घेऊन मोठी होणार होती. गाड्या जास्त निघणार, आणि केबलीच काय, अख्खा हार्नेस आम्हाला मिळायची शक्यता होती. सोमवारी दुबे येऊन गाळ्याची तपासणी करणार आणि ती पास झाली की काम पक्कं.

"ऑर्डर लग गया तो काशीगाव में दूसरा गाला," शेठ म्हणाले. "और उधर का मॅनेजर तू."

मी घरी बायकोला सांगितलं. मोठ्या मुलीने तर केबिनमध्ये लावायला गणपतीचं चित्रही काढून ठेवलं. मी लांज्याजवळच्या खेड्यातून आलेला, कांदिवलीचा एक कारखाना बंद पडताना पाहिलेला माणूस. मला केबिन मिळणार होती! हे सगळं आधी सांगतोय ते कारण म्हणून. सबब म्हणून नाही सांगत, पण दोन्हींत फार फरक आहे असंही मला आता वाटत नाही.

सोमवारच्या आधीचा शनिवार. त्या दिवशी एक लॉट जायचा होता, आणि तो वेळेवर गेला असं दुबेच्या कागदावर दिसायला हवं होतं. अकराच्या सुमारास मथुरा लाल पेटी उचलूनच माझ्या टेबलाशी आली. पेटीत चाळीसेक केबली.

"साहेब, ह्ये ढिले हायत."

मी एक उचलून ओढून पाहिली. हाताला तर काही कळेना.

"ठीक तर आहे."

"न्हाय साहेब. सकालपासून डाय नीट दाबत न्हाय. बोटाला कलतंय. यंत्र लावून बघा."

मी पुल टेस्ट घेतली. म्हणजे तार आकड्याला अडकवून ती लगमधून सुटेपर्यंत ओढायची आणि किती जोर लागला ते वाचायचं. पहिली केबल काठावर पास झाली. दुसरी सुटली. तिसरीही सुटली. डाय म्हणजे प्रेसचा साचा, तो झिजला होता. तो घासून आणायचा तर तीन-चार दिवस. तोवर लॉट नाही. आणि सोमवारी दुबेला दिसणार की प्रेस बंद आहे, माल अडकलेला आहे, आणि इन्स्पेक्टरला साचा झिजल्याचा पत्ता लागला नाही. तो एका बाईने सांगितला.

"तू जेवायला जा. मी बघतो," मी म्हणालो.

"आजून बारा न्हाय वाजले."

"जा म्हटलं ना."

ती गेली. बाकीच्या बायकाही थोड्या वेळात डबे घेऊन गच्चीवर गेल्या. मी गाळ्यात एकटा उरलो. लाल पेटी उचलून मी प्रेसवर जाऊन बसलो.

आमच्या धंद्यात नव्या मुलीला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतात: एकदा दाबलेला जोड पुन्हा दाबायचा नाही. तांब्याची तार म्हणजे केसासारख्या बारीक तारांची वेणी असते. पहिल्या दाबात ती लगमध्ये घट्ट बसते. दुसऱ्यांदा दाबलं की आतल्या तारा चेंगरून तुटतात. वरून जोड घट्ट, ओढली तर सुटत नाही, टेस्टला पास. आतून मात्र अर्धी वेणी मेलेली. वीज उरलेल्या अर्ध्यातून जाते आणि तापते. मी स्वतः शंभर वेळा हे शिकवलं होतं. त्या दुपारी मी साच्याखाली पत्र्याची पातळ चकती सरकवली आणि एकेक केबल पुन्हा दाबली. हात सराईत नव्हता, दोन-तीनदा लग तिरका बसला. तरी दाबला.

शेवटच्या दहा-बारा राहिल्या होत्या तेव्हा मथुरा परत आली. ती दारात थांबली. मी तिच्या जागेवर, तिच्या प्रेसवर, आणि शेजारी हिरवी पेटी.

"साहेब, असं न्हाय करायचं ना?" ती हळू म्हणाली. चुकलेल्या मुलाला विचारावं तशी.

"चकती लावलीय. आता होतात बरोबर. तुला सगळं कळतं का?"

मी उरलेल्या संपवल्या, गठ्ठा बांधला आणि त्याला चिठ्ठी लावली. चिठ्ठ्यांचं पुडकं तिच्या प्रेसवर होतं. सगळ्यांवर सात नंबर आधीच लिहून ठेवलेला. रजिस्टरमध्ये मी पुल टेस्टचे आकडे लिहिले, सगळे चांगले, आणि खाली सही केली. टेम्पो वेळेवर गेला.

सोमवारी दुबे आला. रजिस्टर चाळून खूश झाला. साचा मी रविवारीच घासायला पाठवून दिला होता, 'नियमित देखभाल' असं लिहून. मथुरा त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर बसून टेप गुंडाळत होती. दुबे तिच्याजवळून गेला तेव्हा तिने मान वर केली नाही.

तीन महिने काही झालं नाही. काशीगावचा गाळा घेतला गेला, भिंतींना रंग लागला. मी सुटीच्या दिवशी घरच्यांना दाखवायलाही नेलं. मग एका सकाळी शेठनी फोन ठेवला आणि मला आत बोलावलं. एका शहरात एका डॉक्टरबाईंची गाडी इमारतीच्या खाली चार्जिंगला लावलेली होती. भरदुपारी सीटखालून धूर निघाला. वॉचमनने दार उघडून तापलेली केबल ओढून काढली, त्यात त्याचा तळहात भाजला. सीट जळली. गाडी वाचली असं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात फोटो. विजेची गाडी पेटली! पेट्रोल गाड्या रोज कुठे ना कुठे पेटतात, त्यांचे फोटो येत नाहीत. हिचा आला.

आठवड्याभरात दुबे जळका लग प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. त्याने तो मधोमध कापून घासला होता. भिंगातून मला दाखवला.

"डबल प्रेस है," तो म्हणाला. "दो निशान हैं, देखिए."

मी पाहिलं. एका सरळ खुणेवर दुसरी खूण.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. दुबेने पिशवीतून गठ्ठ्याची चिठ्ठी काढली. "नंबर सात कौन है?"

मथुराला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि लग बघताक्षणी तिला सगळं कळलं. दुबेने विचारलं, तू दोनदा दाबलंस का? ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "मैंने लाल पेटी में डाला था, साब. दबाया नहीं. ये साहेब ने दबाया. उस दिन मैं जेवायला गयी थी."

केबिनमध्ये पंख्याचा आणि खालच्या पॉलिशचा आवाज. शेठ माझ्याकडे बघत होते. दुबे पेनाचं टोपण काढत-घालत होता.

मी म्हणालो, "मैं प्रेस पर कभी बैठता ही नहीं."

एरवी खरंच होतं ते. साहेब लोक प्रेसवर बसत नाहीत, हे गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर हे खोटं खपलं.

"साहेब," मथुरा म्हणाली. फक्त तेवढंच, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुढे म्हणालो, "हिने काही सांगितल्याचं मला आठवत नाही. दिवसाला दहा जणी काहीतरी सांगतात." मला सगळं आठवत होतं. तिच्या पेटीतल्या वरच्या केबलीला लाल टेपचा तुकडा चिकटलेला होता, तेसुद्धा.

दुबेने वहीत काहीतरी लिहिलं. शेठनी हात झटकला, "कल से मत आना." ती केबिनबाहेर गेली. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, बायकांना गोळा करेल. ती तिच्या प्रेसपाशी गेली, रोज सुटी होताना करायची तसं फडक्याने प्रेस पुसलं, वंगणाचा थेंब सोडला, डबा घेतला आणि जिना उतरली. जिन्यात तिच्या मागे जावं असं मला वाटलं. नुसतं वाटलंच.

कंपनीने त्या लॉटच्या गाड्या परत बोलावून केबली बदलल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं: ऑपरेटरची चूक, ऑपरेटरला काढून टाकलं. अख्ख्या हार्नेसचं काम तरीही आम्हाला मिळालं. मी काशीगावच्या केबिनमध्ये बसलो, मुलीने काढलेलं गणपतीचं चित्र भिंतीवर लावलं. खुर्ची फिरती होती. पहिले काही दिवस मी दार वाजलं की दचकायचो. नंतर तेही बंद झालं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट.

ती कंपनी पुढे जेमतेम दोनेक वर्षं चालली. बॅटऱ्या दमायच्या, नव्या घालायला लोक तयार नसायचे. सोसायट्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट द्यायला नकार द्यायच्या. तेवढ्याच पैशांत पेट्रोलची चार दारांची गाडी मिळत होती. पण त्या पेपरातल्या फोटोनंतर बुकिंग रद्द झाल्याचं दुबे स्वतः फोनवर बोलला होता. भांडवल देणारे मागे सरले, तेही त्यानंतरच. माझ्या चाळीस केबलींनी कंपनी बुडाली असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं होईल. पण बुडणाऱ्या गोष्टीवर मी हात ठेवला होता, एवढं खरं. कंपनी गेली तसा काशीगावचा गाळा गेला. आमच्याबरोबर रबरी बूच बनवणारा, प्लास्टिकची कव्हरं ओतणारा, असे वसाहतीतले तीन-चार जण जे या गाडीच्या भरवशावर मशीन घेऊन बसले होते, तेही जुन्या कामावर परत गेले. जयंतीभाईंनी पेढे वाटले नाहीत, उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अच्छा गाडी था, शिगवणभाई. टाइम से पहले आ गया." मी मिक्सरच्या वायरी तपासत निवृत्त झालो.

आता रस्त्याला हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आवाज न करता शेजारून जातात. आमच्या सोसायटीत सात-आठ आहेत. ज्या कमिटीने एके काळी एका प्लग पॉइंटसाठी तीन सभा घेतल्या, तीच आता चार्जिंगची रांग ठरवते. धाकटी मुलगी मागच्या वर्षी अशीच गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही यातलेच ना? तपासून सांगा." मी सीटखाली हात घालून जाड केबल चाचपली. जोड उत्तम होता. मी तिथेच बसून राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?" मी तिला सांगितलं. सगळं. तिने विचारलं, "त्या बाई कुठे असतात?"

मी तारोडीला गेलो. बसमधून उतरून दोन ठिकाणी विचारलं तर घर मिळालं. मथुरा अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. केस पिकलेत. मला ओळखायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

"बसा," ती म्हणाली आणि काम चालू ठेवलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणालो. म्हणालो, तुमचं खरं होतं, मी खोटं बोललो, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. वाक्यं घरून तयार करून आणली होती, तरी अडखळलो. तिने ऐकून घेतलं. बोंबिलांची एक रांग पुरी केली.

"त्याच्यानंतर दोन ठिकाणी काम मागाया गेले," ती म्हणाली. "वसईला एक, गोरेगावला एक. दोन्हीकडं इचारलं, आधीचं का सोडलं? म्या खरं सांगितलं. काढलं म्हणून. मग कोन घेतंय?" आता ती सकाळी टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात बसते. बरं चाललंय म्हणाली.

"मी काय करू शकतो आता?" मी विचारलं.

"ह्ये मला सांगून काय? मला तर म्हाईतच व्हतं. तवा त्या साहेबापुढं सांगायचं व्हतं."

चहा तिने दिला. मी प्यायलो. न पिण्याचा अधिकार मला नव्हता.

दुबेचा पत्ता लावायला महिना गेला. तो आता दुसरीकडे, बॅटऱ्यांच्याच कामात आहे. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "शिगवणजी, मुझे उसी दिन पता था."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"त्या लगवर दोन खुणा होत्या," तो म्हणाला. "पहिली सरळ, दुसरी तिरकी. नंबर सातचा माल मी दोन वर्षं बघत होतो. तिची एक खूण कधी तिरकी नव्हती. दुसरा दाब नवख्या हाताचा होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"ऑपरेटर की गलती लिखो, तो एक लॉट वापस आता है. इन्स्पेक्टर की गलती लिखो, तो आपकी साइन वाली हर गाडी पर सवाल उठता है. उस हफ्ते इन्व्हेस्टर आने वाले थे. मुझे कंपनी बचानी थी." थोड्या वेळाने तो म्हणाला, "बची भी नहीं."

मी विचारलं, माझ्या सहीच्या बाकीच्या गाड्यांचं काय केलंत? सर्व्हिसिंगला आल्या तशा गुपचूप केबली बदलल्या, तो म्हणाला. वॉचमनच्या हाताचं काय झालं, ते त्यालाही माहीत नव्हतं. मला इतक्या वर्षांत ते विचारायचं सुचलंही नव्हतं.

दुबेने मथुराचा नंबर मागितला. मी तिच्या मुलाकडून घेऊन दिला. महेंद्रशेठ गेले. त्यांच्या मुलाला मी जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, अंकल, कोणाला आता ते आठवतंय? त्याच्या दृष्टीने विषय संपला. म्हणून इथे लिहितोय. हा अंक वसाहतीत वाचला जातो, त्या वेळच्या बऱ्याच बायका आणि त्यांची मुलं अजून भाईंदरातच आहेत. नंबर सातने माल खराब केला असं ज्यांनी ऐकलं, त्यांनी हे वाचावं. तिने पकडलेला माल मी खराब केला.

दुबेला नंबर दिल्यावर चार-पाच दिवसांनी मी मथुराला फोन लावला. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"दुबेसाहेबांचा फोन आला होता का?"

"आलेला. माफी मागत व्हता. रडला पन जरा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमी दोघं काय ते एकमेकांना सांगा. माज्यासमोर गिऱ्हाईक उबं हाय." आणि तिने फोन ठेवला.